सातव्या प्रकरणातलं गाव

लेबरानच्या सकाळी वागिरा खुर्चीत बसली खरी, पण माफ करायचा तिचा बेत नव्हता.

आमच्याकडे रोजे संपले की लेबरान, आणि त्या सकाळी धाकट्यांनी थोरांपुढे गुडघे टेकायचे, कपाळ त्यांच्या मांडीवर ठेवायचं आणि वर्षभराच्या चुकांची माफी मागायची. कुठली चूक ते कुणी सांगत नाही आणि कुणी विचारतही नाही. थोरल्याने डोक्यावरून हात फिरवला की झालं, मग पुढचा. वयाच्या क्रमाने रांग सरकते, आणि रांग संपल्यावरच कोंबडीच्या रश्शावरचं झाकण उघडतं. आईबाप गेल्यापासून त्या खुर्चीत वागिरा बसायची. वय साठीच्या पुढे, अंगाने काटकी, पण जीभ अशी की बाजारात तिच्याशी घासाघीस करायला भले भले कचरायचे. रांगेत पहिला मान तिच्या पाठच्या भावाचा. तो म्हणजे प्रोफेसर विर्योनो, घरचा योनो. देशाचं उत्पन्न किती आणि ते कसं वाढलं यावर त्याने लिहिलेलं पुस्तक राजधानीत मोठमोठे साहेब उशाशी घेऊन झोपतात म्हणे. झोपतच असतील, कारण जागेपणी वाचलं असतं तर निदान एकाला तरी शंका आली असती.

वागिराचा राग जुना नव्हता, या कोरड्या महिन्यांतलाच होता, पण चांगला मुरला होता.

आमचं वातुगारिंग चुनखडीच्या डोंगरात आहे. पाऊस पडतो तो दगडातून खाली निघून जातो. पूर्वी गावाला तळं होतं. पाणी मातकट, पण फुकटचं आणि सगळ्यांचं. मग पलीकडच्या डोंगरावर खाण निघाली, सुरुंगांचे दणके बसायला लागले, आणि तळ्याचं बूड फुटून पाणी कुठे गेलं ते कुणाला कळलंसुद्धा नाही. तेव्हापासून पाऊस संपला की सरकारचा टँकर यायचा आणि घरोघरच्या सिमेंटच्या टाक्या भरून जायचा, आणि कमी पडेल ते पाणी एखाद-दोन शेळ्या विकून विकत घ्यायचं. यंदा तो आलाच नाही. खासगी टँकर येत होते, पण त्यांना रोख पैसे लागतात, आणि डोंगरात रोख पैसा चार पायांवर उभा असतो. एकेका घरातून जनावरं खाली उतरायला लागली. वागिराच्या उरलेल्या दोन्ही शेळ्या गेल्या. गोठ्यात एक गाय उरली होती. नवरा वारल्यापासून तिचं सगळं त्या गाईवर चाललं होतं. वर्षाला एक वासरू विकायचं, शेण शेतात घालायचं, कुणापुढे हात पसरायचा नाही. टँकर सुरू झाला असता तर गाय राहिली असती. नाही तर ती जाणार होती आणि वागिराला धाकट्या भावाच्या, तुकिजोच्या, ओसरीवर उरलेले दिवस काढावे लागणार होते.

म्हणून ती चार बायकांना घेऊन पाक लुराच्या कचेरीत गेली. आमचे पाक लुरा, म्हणजे गावचे मुखिया, सुप्राप्तो नावाचे. माणूस इतका सज्जन की वाईट बातमी सांगायला त्याला अर्धी सकाळ लागते. आधी चहा झाला. मग सगळ्यांच्या नातवंडांची चौकशी झाली. मग तो उठला, काचेच्या कपाटातून, व्हॉलीबॉलच्या कपाशेजारून, लाल फीत बांधलेलं एक पुस्तक काढलं आणि म्हणाला की टँकरच्या यादीतून गावाचं नाव कमी झालं आहे, कारण गाव आता पुढारलं आहे, आणि हे आपल्याच प्रोफेसरसाहेबांनी सिद्ध केलं आहे.

त्याने सातवं प्रकरण मोठ्याने वाचून दाखवलं. वाचताना त्याचा ऊर भरून येत होता. सबंध प्रकरणच आमच्या गावावर होतं, नावानिशी. वातुगारिंगमधलं सरासरी घर दहा वर्षांपूर्वीपेक्षा तिप्पट जनावरं विकतं. ज्या पाण्यावर पूर्वी काहीच खर्च होत नसे, त्यावर आता हे लोक नियमित खर्च करतात. विचारलं असता बहुतेक घरांनी सांगितलं की आमचं पुरेसं भागतं. यावरून हे निश्चित दिसतं की वाढ या खडकाळ डोंगरांपर्यंतही पोचली आहे.

बायकांनी माना डोलावल्या. पुस्तकात गावाचं नाव आलं याचंच त्यांना कौतुक. वागिराच्या मात्र तळपायाची आग मस्तकात गेली.

तिला ते विद्यार्थी आठवले. योनोनेच दोन वर्षांपूर्वी पाठवलेली ती पोरं पाहणीला म्हणून महिनाभर गावात राहिली होती. गोड पोरं, तिच्या हातचा तिवुल, भाताऐवजी खायचा तो कसाव्याच्या कंदाचा सांजा, नाक न मुरडता खाल्ला होता त्यांनी. यंदा किती शेळ्या विकल्या, त्यांनी विचारलं. पाच, तिने सांगितलं. पूर्वी किती विकायच्या? एखादी. का विकल्या, हे काही कुणी विचारलं नाही. पाणी विकत घेता का? घेतो. भागतं का? आता आपल्या पंगतीला जेवून उठलेल्या परक्याच्या पोराला भागत नाही असं कोण सांगणार? उपाशी माणूससुद्धा आमच्याकडे जेवलो म्हणून सांगतो. पुरतं हो, ती म्हणाली होती. सगळ्या गावाने तेच सांगितलं होतं, एका सुरात, लाजत, हसत. पोरांना आमची रीत कळली नाही ते ठीक, ती शहरातली होती. योनोला कळायला नको? तो या मातीत नागडा खेळला होता.

कचेरीतून घरी येईपर्यंत ती काहीच बोलली नाही. बरोबरच्या बायका घाबरल्या, कारण वागिरा गप्प बसते तेव्हा काहीतरी शिजत असतं.

योनो दरवर्षीप्रमाणे लेबरानच्या आदल्या दिवशी आला. गाडी, गाडीत बायको बू एंदांग, पत्र्याच्या डब्यांतली बिस्किटं, सगळ्यांना नेसायला नवीन सारोंग. शिवाय बाटलीबंद पाण्याची खोकी. बू एंदांग वाईट बाई नव्हे. इथलं पाणी तिला बाधतं, आणि घरच्यांवर भार नको म्हणून ती स्वतःचं पाणी आणते. अंघोळीलासुद्धा तिने त्यातल्याच दोन बाटल्या वापरल्या. वागिराने ते पाहिलं आणि स्वयंपाकघरात जाऊन खोबरं इतक्या जोरात किसलं की किसणीचा पाय मोडला.

त्यात जेवताना योनोने बातमी सांगितली. पुढच्या आठवड्यात राजधानीत त्याला पदक मिळणार होतं, या पुस्तकाबद्दल. सोहळा टीव्हीवर दाखवणार होते. तुकिजो आणि त्याची बायको हरखून गेली. वागिराने विचारलं, पुस्तकात सगळ्यात चांगलं प्रकरण कुठलं म्हणतात लोक? योनोला बरं वाटलं. तो म्हणाला की सातवं. सगळं पुस्तक त्यावरच उभं आहे, कारण बाकीचे आकडे कागदावरचे, हे मात्र गाव डोळ्यांनी पाहून केलेलं. ती हं म्हणाली आणि भांडी उचलून आत गेली.

आणि आता सकाळ झाली होती. मशिदीतून सगळे परतले होते, चटई अंथरली होती, रांग लागली होती. योनो गुडघ्यांवर पुढे सरकला. साठीला आलेला माणूस, गुडघे दुखत होते, तरी मर्यादा सोडली नाही. त्याने तिच्या मांडीवर कपाळ टेकलं आणि ठरलेले शब्द म्हटले, मनाने, बोलण्याने काही चुकलं असेल तर माफ कर.

वागिराचे हात तिच्या मांडीच्या दोन्ही बाजूंना तसेच राहिले.

"कशाची माफी?" तिने विचारलं.

योनोला वाटलं, चेष्टा करते आहे. तो मान न उचलता हसला. "सगळ्याचीच, म्बाक." म्बाक म्हणजे आमच्याकडे ताई.

"सगळ्याची नको. एक सांग."

रांगेत चुळबुळ झाली. हे कधी कुणी ऐकलं नव्हतं. तुकिजोने घसा खाकरला. योनोने मान वर करून बहिणीकडे पाहिलं, आणि तिचा चेहरा दिसल्यावर त्याचं हसू विरलं. सुचत नसेल तर मी सांगते, असं म्हणून तिने टँकरचं सांगितलं. यादीचं सांगितलं, लाल फितीच्या पुस्तकाचं सांगितलं, गोठ्यातल्या एकट्या गाईचं सांगितलं. आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं, सगळ्यांनी मिळून तिला शांत तरी केलं असतं.

योनोचा चेहरा पांढरा पडला. टँकर बंद झाल्याचं त्याला खरंच ठाऊक नव्हतं. पण तो प्रोफेसर होता, त्यामुळे आधी त्याने समजावून सांगायला घेतलं. गुडघ्यांवर बसूनच. मोजण्याची ही पद्धत त्याची एकट्याची नव्हे, जगभर असंच मोजतात. जे विकलं जातं आणि विकत घेतलं जातं ते धरायचं, जे फुकट मिळतं त्याला किंमत नाही म्हणून ते धरता येत नाही. तळ्याचं पाणी आकड्यांत कधी नव्हतंच, त्यामुळे तळं आटल्याचंही आकड्यांत दिसत नाही. टँकरचं पाणी दिसतं. हा पद्धतीतला दोष आहे, आणि पुढच्या आवृत्तीत तो तळटीप नक्की घालेल.

"पुढची आवृत्ती कधी?"

"दोन-तीन वर्षांनी."

"मग गाईला सांगते तोवर तहान आवर म्हणून."

मागून कुणीतरी फिसकन हसलं आणि लगेच गप्प झालं. योनो म्हणाला की गावाला लागेल तेवढं पाणी या वर्षी तो स्वतःच्या पैशाने आणून देईल. वागिरा म्हणाली, आणि पुढच्या वर्षी? आणि शेजारच्या गावाला कुणाचा भाऊ आणून देणार, त्यांचं प्रोफेसर पैदा करायचं राहून गेलं म्हणून त्यांनी मरायचं का? आणि तू विकत घेतलेलं पाणीसुद्धा धरतील ना रे तुझ्या हिशोबात, की वातुगारिंगचा खर्च आणखी वाढला, गाव आणखी सुखी झालं?

योनोने मान खाली घातली, कारण धरलं असतंच.

"पद्धतीचं मला कळत नाही," वागिरा म्हणाली. "एवढं सांग. तू तिसरीत होतास तेव्हा तळं एकदा आटलं होतं. बापाने तुझी काळी शेळी पाण्यासाठी विकली. तू बाजारापर्यंत तिच्या मागे रडत गेलास. त्या दिवशी आपण श्रीमंत झालो होतो का?"

बू एंदांगने हळूच म्हटलं की जेवण गार होतंय. कुणी तिच्याकडे पाहिलं नाही.

"लिहिताना आठवली होती ती शेळी," तो शेवटी म्हणाला. "आठवली, आणि तरी लिहिलं. प्रकरण फार चांगलं जमत होतं."

खोलीत सगळे खाली बघायला लागले. वागिराला वाटलं होतं, हे ऐकलं की तिचा राग थोडा उतरेल. उलट तो वाढला. नकळत केलं असतं तर तो मूर्ख ठरला असता, आणि मूर्ख भावाला कुठलीही बहीण पदरात घेते.

तो उठला आणि फोन घेऊन अंगणात गेला, कारण घरात रेंज नसते. टँकरची यादी करणारे साहेब त्याचेच जुने विद्यार्थी होते. सगळं घर मागोमाग अंगणात आलं, म्हणून त्याने फोनचा आवाज मोठा केला. पलीकडून लेबरानच्या शुभेच्छा आल्या, माफीची देवाणघेवाण झाली, पदकाबद्दल अभिनंदन झालं. मग योनोने सांगितलं की वातुगारिंगबद्दल आपण जे लिहिलं ते चुकीचं आहे, गाव गरीब आहे, त्याला यादीत परत घ्यावं.

साहेब हसले, अगदी प्रेमाने. प्रोफेसर, म्हणाले, तुमचं हेच तर शिकण्यासारखं आहे, इतकं मोठं काम करून तुम्ही अजून त्यात उणीवच शोधता. योनोने पुन्हा सांगितलं, की नम्रता नाही, खरंच चूक आहे. साहेब आणखी हळवे झाले. म्हणाले की आम्ही नवीन मुलांना हेच सांगतो, विर्योनो सरांकडे बघा, फळं धरली तसं झाड कसं वाकलं आहे. आणि यादीचं म्हणाल तर ती छापील आकड्यांवर होते. तोंडी सांगण्यावर नाव घातलं, तर स्वतः प्रोफेसरच आम्हाला नापास करतील. यावर ते स्वतःच मनापासून हसले, घरच्या सगळ्यांना नमस्कार सांगा म्हणाले, आणि फोन ठेवला.

योनो फोन हातात धरून उभा राहिला. त्याच्या शब्दाला त्याच्याच पुस्तकापुढे काडीची किंमत नव्हती.

"छापलेलं खोडायला छापण्याइतकंच मोठं काहीतरी लागणार," वागिरा म्हणाली. "पदकाला सगळा देश बघणार आहे ना? तिथे बोल."

तेव्हा बू एंदांगचा तोल सुटला. तिने इतकी वर्षं नवऱ्याचे कागद सांभाळले होते, त्याच्या रात्रीच्या कॉफ्या केल्या होत्या, आणि आता एका गाईसाठी सगळ्यावर पाणी सोडायचं म्हणजे काय? सातवं प्रकरण गेलं की पुस्तक गेलं, पुस्तक गेलं की माणूस गेला. वागिराने तिला उलटून उत्तर दिलं नाही. तिचं म्हणणं खोटं नव्हतं, फक्त ज्याला तहान नाही त्याचं होतं. योनो काहीच कबूल न करता आत गेला. वागिरा परत खुर्चीत बसली, पण त्याला हात लावला नाही. पुढे ये, असं ती तुकिजोला म्हणाली, आणि रांग योनोला ओलांडून सरकली. माफी न मिळालेला माणूस घरात असताना लेबरानचं जेवण कसं लागतं हे आम्ही त्या दिवशी पाहिलं. संध्याकाळ व्हायच्या आत त्यांची गाडी निघून गेली. पाण्याची उरलेली खोकी बू एंदांगने ओसरीवर तशीच ठेवली होती. वागिराने ती गोठ्यात नेली आणि एकेक बाटली गाईच्या घमेल्यात ओतली.

आठवड्याने पाक लुराच्या ओसरीवर सगळं गाव टीव्हीपुढे बसलं. शेंगा उकडल्या होत्या, पुढच्या रांगेत वागिरासाठी खुर्ची राखून ठेवली होती. ती नको म्हणाली, उभीच राहिली. टाकीत तिच्या घरी हाताने खरवडण्याइतकं पाणी उरलं होतं. तिने मनात एकच धरून ठेवलं होतं: बोलला तर टँकर येईल.

पदक गळ्यात पडलं. मंत्र्यांनी हात मिळवला. योनो माईकपुढे आला, दोन्ही हात पोटापाशी जोडून, आमच्याकडे सभेत उभं राहतात तसा किंचित वाकून.

आणि तो बोलला. एक शब्द त्याने गिळला नाही. सातवं प्रकरण चुकीचं आहे, तो म्हणाला. माझं गाव श्रीमंत झालेलं नाही. तिथली माणसं पाण्यासाठी जनावरं विकतात, आणि ती विक्री मी प्रगती म्हणून मोजली. मला कळत होतं तरी मोजली. मी या पदकाला लायक नाही. मी माफी मागतो.

वागिराचे डोळे भरून आले. बोलला, ती स्वतःशीच म्हणाली, बोलला माझा भाऊ.

मग टीव्हीतलं सगळं सभागृह उठून उभं राहिलं आणि टाळ्या वाजवायला लागलं.

आमच्याकडे भाषणाला उभा राहिलेला प्रत्येक माणूस आधी स्वतःच्या उणिवांची माफी मागतो. लग्नात मागतो, मयतीत मागतो, बकऱ्यांच्या प्रदर्शनाच्या उद्‌घाटनाला मागतो. जितका माणूस मोठा तितकी माफी मोठी. एवढी मोठी माफी त्या सभागृहाने आजवर ऐकली नव्हती. मंत्र्यांनी रुमाल डोळ्यांना लावला आणि योनोला मिठी मारली. निवेदिका दाटल्या गळ्याने म्हणाली की एवढा थोर माणूस आणि मातीशी इतका जोडलेला, आपल्या संस्कृतीचं याहून सुंदर दर्शन ते कुठलं. इकडे ओसरीवर पाक लुरा रडत होते. गाव टाळ्या वाजवत होतं, कोरड्या ओठांनी हसत होतं, वळून वळून वागिराकडे बघत होतं.

"अरे गाढवांनो, खरं सांगतोय तो," वागिरा ओरडली. "तुमच्याबद्दल सांगतोय. तुमच्या घरात पाणी आहे का?"

शेजारच्या म्हातारीने तिचा हात प्रेमाने दाबला. खरंच गं, ती म्हणाली, किती साधा आहे तुझा योनो. आणि पाण्याचं काय एवढं, भागतंय की आपलं. वागिराने तो हात असा झटकला की म्हातारीच्या ओच्यातल्या शेंगा सांडल्या. तिथून ती निघाली ती वाटेत भेटेल त्याला शिव्या देत घरी आली. पाक लुराला दिल्या, मंत्र्याला दिल्या, गावाच्या गोड स्वभावाला दिल्या, आणि योनोलाही दिल्या. इतक्या मऊ आवाजात कुणी असं बोलतं का? घर जळत असताना माणूस हात जोडून सांगतो का, की क्षमा असावी, घर जळत आहे?

टँकर आला नाही. दोन दिवसांनी टाकीचा तळ उघडा पडला. वागिराने गुरांच्या दलालाला निरोप पाठवला.

दलाल सकाळीच छोटा टेम्पो घेऊन आला. जुमिंगान त्याचं नाव, तोंडात साखर आणि डोळ्यांत तराजू. गाईभोवती फिरला, बरगड्या चाचपल्या, च्च् च्च् केलं आणि अशा दिवसांत देतात तो भाव सांगितला. वागिराने एकदाही घासाघीस केली नाही. शेजारीपाजारी कुंपणाशी उभे होते. तेवढ्यात खालच्या रस्त्यावर बस थांबली आणि चढण चढून योनो आला. एकटाच, हातात साधी पिशवी, धापा टाकत. त्याने गाईकडे पाहिलं, टेम्पोकडे पाहिलं, आणि त्याला काही विचारावं लागलं नाही.

जुमिंगानने धावत जाऊन त्याचे दोन्ही हात हातात घेतले. टीव्हीवर पाहिलं साहेब, म्हणाला, बायको-पोरांना बोलावून दाखवलं, म्हटलं शिका, एवढा मोठा माणूस, आणि काय ती नम्रता.

योनोने हात सोडवून घेतले. मान वर केली. आणि आमच्या प्रोफेसरसाहेबांनी, ज्यांच्या तोंडून उभ्या आयुष्यात कुणी वाकडा शब्द ऐकला नव्हता, त्या दलालाची गचांडी धरली.

"नम्रता कसली रे, हरामखोरा? चोरी केलीय मी. या बाईच्या तोंडचं पाणी चोरलंय मी, आणि तुम्ही साले टाळ्या काय पिटताय? खोटं लिहिलंय मी. खोटं, खोटं, खोटं." मग तो कुंपणाकडे वळला. "आणि तुम्ही. भागतंय म्हणे. कुणाचं भागतंय? ज्याचं भागतंय त्याने पुढे यावं."

कुंपणाशी कुणी हललं नाही. जुमिंगानचा चेहरा उतरला होता, तो सदरा नीट करत मागे सरला. सगळ्यांच्या डोक्यात तेव्हा पहिल्यांदा ते शिरलं, की हा माणूस रीत पाळत नव्हता, कबुली देत होता. पाक लुरा मागे उभे होते, त्यांनी मान खाली घातली. कुणीतरी एका बाईने, अगदी हळू, म्हटलं की आमची टाकी परवाच संपली. मग दुसरीने म्हटलं. मग एका म्हाताऱ्याने, लाजून, जमिनीकडे बघत.

वागिराला वाटलं, टीव्हीपुढे हे एकदा झालं असतं तर. पण टीव्ही इथे नव्हता, इथे टेम्पो होता.

ती योनोजवळ गेली आणि त्याच्या पांढऱ्या केसांवर हात ठेवला, जरा जोरातच, ठोसा मारावा तसा.

"झालं," ती म्हणाली. "माफ केलं."

जुमिंगानने चाचरत विचारलं की गाय आता विकायची की नाही. वागिराने मान डोलावली. विकायची, टाकी कोरडी आहे. योनोने तिच्या हातातून दोर घेतला आणि गाय स्वतः टेम्पोपर्यंत नेली. फळी लावली, मागून हात दिला. गाय मुकाट चढली. टेम्पो वळणाआड गेल्यावरही तो रस्त्याकडे बघत उभा होता, आणि त्याच्या तोंडून आपोआप निघालं, "म्बाक, यंदाच्या आकड्यांत ही गाय आता..."

"माहीत आहे," वागिरा म्हणाली. "उत्पन्न."